थांबा कुणी हलवला?

कॉलेजातली एक मुलगी धापा टाकत बसथांब्यावर आली आणि माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांना म्हणाली,

“आजोबा, हा थांबा आमच्या कॉलेजसमोर होता ना? इथे कुणी आणला?”

“आम्ही.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“मी, माझी बायको आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू. नगरसेवकाने सभा घेतली होती. थांबा इथे कुणाला हवाय, हात वर करा म्हणाला. आम्ही केले.”

“तिघांनी? अहो, कॉलेजात हजार पोरं आहेत!”

“असतील की. सभेला एकही नव्हतं.”

“आम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

“तुमच्या फाटकावर कागद चिकटवला होता. त्यालाच टेकून फोटो काढत होतात.”

“आणि आम्ही येऊन असा काय फरक पडला असता?”

“काहीच नाही. थांबा तिथेच राहिला असता, एवढंच.”

“हसताय काय? रोज पळत यावं लागतं मला.”

“आधी मी तिकडे जायचो. या गुडघ्यांनी.”

“थांबा, येत्या निवडणुकीत त्या नगरसेवकालाच पाडते!”

“मतदार यादीत नाव आहे का?”

“ते... घालायचं राहिलंय.”

“मग कशी पाडणार? फुंकर मारून?”

“आजच घालते. आणि पुढची सभा कधी आहे?”

“बस आली बघ.”

“आजोबा, सभा कधी?”

“अगं, आत्ता कुठे थांबा माझ्या दारात आलाय. तुला तारीख सांगून स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेऊ?”