ग्रेसीचं पिवळं

रंजिता : ...आणि हे पिवळं, दानियलदादा! सगळ्या हिरव्या-तांबड्या पट्ट्यांतून एकटंच वर येतंय. हे चित्र मधोमध लावायचं. सुरतेला आमच्या गॅलरीत पाऊल टाकलं की आधी हेच दिसलं पाहिजे.

दानियल : बाकीची चढवली टेम्पोत. हे राहू द्या म्हणत होतो.

रंजिता : वा! हेच तर हवंय.

प्रिस्किला : काय दिखस तुमले त्याम्हा, बाई? गावम्हा लोके इचारतस, तुन्हा नवराना हातथून हाऊ रंग सांडना का काय?

रंजिता : गावाला सांगा ताई, असंच सांडत राहू दे. जवळून बघा ना, रंगाखाली कापडाच्या चुण्या आहेत. आणि हे बटण! कसं सुचलं, दादा?

प्रिस्किला : सुचनं नही. मी लायेल शे ते. सुई-दोरानं.

रंजिता : तुम्हीसुद्धा चित्रं करता?

प्रिस्किला : मी फ्रॉक शिवेल व्हता. मन्ही पोरना. ग्रेसीना.

दानियल : प्रिस्किला, चहा बघ. उतू जाईल.

प्रिस्किला : जाऊ दे उतू. माले इचारं व्हतं तू? पेटी उघाडी, फ्रॉक काढी लिधा, डिंकनं चिकटाडी दिधा. मी नाताळले पेटी उघाडी, तं तठे निस्ता तिना वास.

रंजिता : ग्रेसी... म्हणजे?

दानियल : उसाच्या फडात गेली. तिकडे, गुजरातेत. हिनं तिला उभ्या उसाच्या सावलीत निजवलं होतं, आम्ही पलीकडे तोडत होतो. तोडणीआधी फड पेटवतात, पाचट जळून जातं. मुकादमानं त्या अंगानं पेटवलं. त्याला काय ठाऊक, आत कोण निजलंय.

रंजिता : तुम्ही कधी बोलला नाहीत हो. मी पाटी लिहून बसले. काठी गावच्या होळीचे रंग, म्हणून.

दानियल : राहू द्या. लोकांना होळी आवडते.

रंजिता : शेजारी जिची चित्रं लावणार ना, ती मार्वा, त्रिनिदादची... थांबा, फोनवर दाखवते. ताई, बघा.

प्रिस्किला : रंग तं सुंदर शे. हाऊ काय, ऊस?

रंजिता : उसाचाच मळा. तिच्या पणजीला आपल्याच देशातून बोटीत घालून नेलं, इतक्या लांब, ऊस तोडायला. घेणाऱ्यांना मात्र वाटतं, समुद्रकाठची जत्रा आहे. हौसेनं दिवाणखान्यात लावतात.

दानियल : आणि ती काय म्हणते?

रंजिता : काहीच नाही. मी एकदा विचारलं, लोकांना सांगत का नाहीस? तर म्हणाली, सांगत बसले असते तर मीही अजून उसातच असते.

दानियल : ऐकं, प्रिस्किला?

प्रिस्किला : ऐकं. तिनी पणजी व्हती. मन्ही पोर शे.

दानियल : रंजिताताई, हे नाही दिलं तर?

रंजिता : खरं सांगते, मी एकटी मालक नाही. भागीदारांनी हे चित्र बघूनच तुम्हाला घेतलंय. हे नसलं तर बाकीचीही परत येतील. मी भांडेन. पण येतील.

दानियल : म्हणजे दिवाळी झाली की पुन्हा कोयता. हाई पोट लईसन फडम्हा जाशी तू?

प्रिस्किला : पोटनं नाव काढू नको.

दानियल : मंग काय करू, तू सांग. फ्रॉक काढी देऊ? डिंक धरी बठना शे. ओढं तं चिंध्या व्हतीन.

प्रिस्किला : हात लाऊ नको तिले!

(बाहेर टेम्पोवाला भोंगा वाजवतो; पुन्हा वाजवतो.)

रंजिता : खांडबाऱ्याचं रेल्वेफाटक बंद होईल म्हणून घाई करतोय मेला. ताई... पाटीवर काय लिहू?

प्रिस्किला : होळी लिही दे.

रंजिता : ग्रेसीचं नाव लिहू का? कोपऱ्यात, बारीक?

प्रिस्किला : नही. परका लोके वाचतीन, आनि मुंडी हालाडीसन पुढे चालना जातीन. तिनं नाव आठेच ऱ्हाऊ दे.

रंजिता : बरं. दादा, धरा त्या बाजूनं. टेम्पोत गादी अंथरलीय, तिच्यावर आडवं ठेवू.

प्रिस्किला : आडवं नको.

रंजिता : उघडा टेम्पो आहे, ताई. उभं ठेवलं तर वाऱ्यानं उडून जाईल.

प्रिस्किला : मी धरीसन बसस.

दानियल : सुरतलोंग? येडी व्हयनी का? तीच वाट शे ती. दोन्ही आंगे ऊसच ऊस.

प्रिस्किला : माले ठाऊक शे. तू बी चढ. त्या बाजूनी धर.

दानियल : प्रिस्किला...

प्रिस्किला : आडवी मी तिले एक डाव निजाडी.