इस्त्रीवाल्यांची स्टुलं

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी शिवणकारखान्यातल्या दोघी बसल्या होत्या. धाकटीचे पाय इतके सुजले होते की चपलेचे पट्टे उघडे सोडले होते.

“मावशी, तिला सुपरवायझर करा म्हणून सह्या आपणच गोळा केल्या ना?”

“आपणच. आपल्यातली आहे, आपलं दुखणं तिला कळेल म्हणून.”

“आणि आठवड्याच्या आत तिनं इस्त्रीवाल्यांची स्टुलं काढून घेतली. म्हणे, बसलं की हात मंदावतो. स्वतः अकरा वर्षं त्याच स्टुलावर बसून इस्त्री केली!”

“नहुषाचंही असंच झालं. इंद्र नाहीसा झाला, तेव्हा देवांनीच त्या भल्या माणसाला गादीवर बसवलं. तर त्यानं आपली पालखी ऋषींच्या खांद्यावर दिली. चाल मंद वाटली म्हणून अगस्तींना लाथ घातली.”

“मग?”

“अगस्तींनी शाप दिला. साप होऊन खाली पडला.”

“आपल्या शापानं मुंगीसुद्धा मरत नाही, मावशी.”

“मालक म्हणत होते, हिला जमलं नाही तर पुढच्या महिन्यात तुला करू.”

“मला?”

“सह्या आम्ही देऊ. काय करशील?”

“आधी तिला इस्त्रीवर उभी करीन. दिवसभर. पाणी प्यायलासुद्धा सोडणार नाही.”

“ते झालं. आमच्या स्टुलांचं काय?”

“देईन ना. पण सरसकट नाही. कोण कसं काम करतंय ते बघून.”