गॅनेटला नावं ठेवताना

—कुरूप! कुरूप म्हणा ना सरळ, ट्रेगियरसाहेब, भीड कसली? ‘जरा वेगळ्या धाटणीचं’ म्हणे! आपल्याकडची ही खोडच आहे मेली — शेजारणीचा केक घशाखाली उतरत नसला तरी ‘वेगळीच चव आलीय हं’ म्हणायचं आणि उरलेला तुकडा हळूच रुमालात गुंडाळायचा. माझ्यापुढे नको तो शिष्टाचार. मी एनिड, इथल्या चहाच्या खिडकीवर असते. हा घ्या चहा, साखर बशीत आहे — आणि मी सांगते तुम्हाला, अख्ख्या लिंकनशायरमध्ये या गॅनेटइतकं बेढब विमान नाही. तुम्ही एवढे कॉर्नवॉलहून आलात, दिवसभर गाडी हाकलीत, टेप काढून मोजमाप करायला लागलात, तर कुणीतरी खरं सांगायला हवं की नको? आमच्या या संग्रहालयाचे अध्यक्ष पास्क सांगायचे नाहीत. त्यांना हे तुमच्या संग्रहालयाच्या गळ्यात मारायचंय. हे गेलं की हँगरमधली जागा मोकळी, आणि त्यांचं लाडकं हंटर, ते लढाऊ विमान, मधोमध ऐसपैस बसणार! म्हणून तर तुम्हाला एकट्याला सोडून जेवायला पळाले. मी म्हणते, नेऊ नका. फसाल.

नाही, मला काय करायचंय? मी आपली चहावाली. राहिलं काय नि गेलं काय. पण बघा तरी नीट — ते शेपटीकडचं मोजणं जरा राहू द्या, इकडे पुढे या. हे तोंड बघा. एका नाकावर दोन पंखे, एकापुढे एक, एक डावीकडे फिरणार आणि दुसरा उजवीकडे — का? एकानं भागत नव्हतं? पोट बघा, आज-उद्या विणाऱ्या गाईसारखं. पाय बघा, काटकुळे, आणि त्यावर हा देह. शेपटीला पुन्हा दोन चिमुकल्या शेपट्या, निघता निघता आठवल्या म्हणून चिकटवल्यासारख्या. पाठीवर तीन टेंगळं — तीन माणसं, तीन वेगळ्या खोल्या, तीन वेगळी झाकणं, म्हणजे एकमेकांचं तोंड बघायची सोय नाही. आणि पंख! कुणाही सभ्य विमानाचे पंख एकदा दुमडले की बास. याचे एकदा वर दुमडायचे आणि तिथून पुन्हा खाली. दुमडलं की असं दिसतं, जसं काही कुणी अंगावर ओरडलंय आणि हे बिचारं खांदे वर करून उभं आहे.

आणि तिकडे ते हंटर बघा. त्याच देशात, त्याच सुमाराला, तोच काळाकुट्ट चहा पिणाऱ्या माणसांनी काढलेलं! नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवा, कुठे अडत नाही. स्पिटफायरचं तर बोलायलाच नको, विमान आणि ट्रॅक्टर यातला फरक न कळणाऱ्या बायका त्याचे पंख बघून सुस्कारे टाकतात, मीही टाकलेत. मग हे असं कसं झालं? मी सांगते कसं झालं. सुंदर विमान कधी होतं, एकानं कागदावर काढलं आणि बाकीच्यांना गप्प बसवलं, की होतं. इथे नौदलवाले आले. म्हणाले, समुद्राखालची पाणबुडी शोधायला हवी — बरं. शोधली की बुडवताही यायला हवी — बरं. माणसं तीन हवीत — बरं. तासन्‌तास घिरट्या घालायला हव्यात — बरं. आणि एवढं सगळं करून विमानवाहू जहाजावरच्या लिफ्टमध्ये मावायला हवं! आता सांगा, मेकअप करायला वेळ कुठून मिळणार?

पण मावलं हो. तेच तर! दोनदा पंख दुमडून, मान खाली घालून मावलं. आणि ते दोन पंखे — त्याच्यामागे दोन इंजिनं आहेत, शेजारी शेजारी. समुद्रावर पोचलं की त्यातलं एक बंद करायचं, एक झोपतं आणि दुसरं राबतं, मग थोड्या वेळानं अदलाबदल. इंधन वाचतं. कुठल्याही बऱ्या संसारात असंच चालतं की नाही? पास्क म्हणतात, दिसायला देखणं ते उडायला देखणं. म्हटलं, तुमच्या त्या देखण्याला तासाभरात तहान लागायची, आणि हे आमचं काळतोंडं धुक्यात, पावसात, खाली राखाडी समुद्र, वर राखाडी आभाळ, पाच-पाच तास मुकाट फिरत राहायचं. कोण बघायला होतं तिथे? मासे! माशांसाठी कुणी नटत नाही.

हसलात. हसू नका हो, मी नावं ठेवतेय. — अहो, हात कसला फिरवताय त्याच्या पोटावर? गार लागतं ना? हिवाळ्यात तर… नाही, मी कशाला हात लावतेय. मी चहावाली.

काय म्हणालात?

घेणार? पुढच्या आठवड्यात ट्रक? — अरे देवा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! आलात तेव्हा तुमचं तोंड कसं होतं, बुरसट पाव बघितल्यासारखं. मी आले नसते तर शेपटी मोजून नाक मुरडून गेला असता परत. आणि आता म्हणे, ‘तुमचं ऐकून आवडायला लागलं.’ माझं ऐकून! माझ्या जिभेला काही हाड?

ती टकटक? कबुतरं. पत्र्यावर बसतात. — हो, आतून येतेय खरी. आत कशी जातात कोण जाणे — बरं, कबुतर नाही. विल्फ आहे. विल्फ म्हणजे माझा नवरा. वर, ते सगळ्यात मागचं टेंगूळ, झाकण लावलंय म्हणून दिसत नाही. नाही, अडकलेला नाही, बसलाय. त्याचीच जागा ती. तरुणपणी नौदलात होता तेव्हा याच विमानांतून फिरलाय, मागच्या खुर्चीत बिनतारी यंत्र सांभाळायचा. त्या खुर्चीचं तोंड शेपटीकडे असतं. विल्फ म्हणतो, मी सगळं जग बघितलं, पण निघून जाताना बघितलं.

आज गुरुवार ना. गुरुवारी आम्ही इंटरकॉम तपासतो. मुलांच्या सहली येतात, पोरं आत बसतात आणि कानाला हेडफोन लावून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आरडाओरडा करतात, म्हणून तो चालू ठेवावा लागतो. आणि तपासायला माणसं दोन लागतात, एक मधल्या खुर्चीत, एक मागच्या. सुरुवातीला दुसरं कुणी मिळेना. इथले सगळे हवाई दलवाले, नौदलाच्या विमानाला शिवायचे नाहीत, म्हणून विल्फनं मला चढवली. माझं तोंड नाकाकडे, त्याचं शेपटीकडे, पाठीला पाठ, मध्ये पत्रा. कानात खरखर. मग त्याचा आवाज, ‘एनिड, ऐकू येतंय?’ म्हटलं, येतंय. मग म्हणाला, ‘तो हिरवा कोट तुला शोभतो.’

तुम्हाला नाही कळायचं त्यात काय एवढं. अहो, तो हिरवा कोट लेकीच्या लग्नात घेतलेला, लेकीची पोरं आता दाढी करतात! आणि घरी विल्फ बोलतो काय? बोलतो, नाही असं नाही. ‘वारा पडलाय.’ ‘कचऱ्याची निळी पेटी आज बाहेर ठेवायची की उद्या?’ ‘बटाटे बरे निघालेत.’ चांगला माणूस आहे, सोन्यासारखा आहे, पण समोरासमोर बसून मनातलं बोलायचं म्हणजे त्याला चारचौघांत पाटलोण सोडल्यासारखं वाटतं. आणि मला तरी कुठे येतं? माझ्या आईनं मला जन्मात एकदा जवळ घेतलं, तेही आगगाडी सुटत होती म्हणून. पण त्या पत्र्याच्या अलीकडून-पलीकडून — तोंड दिसत नाही ना, म्हणून जमतं. मीही बोलायला लागले. एकदा त्याच्या आईबद्दल बोलले, लग्न झाल्यापासूनचं साठलेलं सगळं. पलीकडून नुसती खरखर. मला वाटलं, संपलं, आता एकटीनं बसनं घरी जावं लागणार. मग म्हणाला, ‘मलाही जड जायची गं ती.’ हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हेडफोन भिजला.

शिडी उतरलो की मात्र विषय बंद. तो नियमच आहे, कुणी केला नाही, पण आहे. गाडीत बसलो की, वारा पडलाय. दर गुरुवारी आम्ही असे… म्हणजे तपासतो. इंटरकॉम. त्याच्यात कधी काही बिघडलेलं नसतं. मागच्या गुरुवारीही… जाऊ दे.

म्हणून म्हटलं नेऊ नका! आता कळलं? मला काय त्याच्या रूपाचं घेणंदेणं. तुमच्याकडे कॉर्नवॉलला लोक येतील, बघतील, हसतील, फोटो काढतील. आणि आम्ही काय करायचं, स्वयंपाकघरात मध्ये पत्रा उभा करायचा?

तसं तोंड नका करू. दया नको मला. तुम्ही टेप गुंडाळताय कशाला? मोजा, मोजा, तुमचं काम आहे ते.

काय? — मागच्या गुरुवारी? मागच्या गुरुवारी काय बोललो ते तुम्हाला कशाला हवंय? मी कधी म्हटलं काही झालं म्हणून? फार बारीक नजर आहे हो तुमची, विमानं मोजून मोजून झाली असेल. — सोमवारी ऑपरेशन आहे त्याचं. हृदयाची झडप बदलायचीय. घरी म्हणाला, ‘किरकोळ आहे. गाडी गॅरेजला टाकल्यासारखं.’ लोणी लावत होता पावाला. म्हटलं, हो ना, आजकाल काहीच नाही त्यात. आणि मागच्या गुरुवारी, वर चढलो, हेडफोन लावले, आणि तो म्हणाला, ‘एनिड, मला भीती वाटतेय.’

विल्फ. ज्याला समुद्रावर काळोखात भीती वाटली नाही तो.

आणि मी — मी म्हटलं, ‘ऐकू येत नाहीये रे, खरखर आहे फार.’

येत होतं. लख्ख येत होतं. इतकं स्वच्छ कधीच आलं नव्हतं. तो पुन्हा नाही म्हणाला. म्हणाला, ‘तार सैल असेल, बघतो,’ आणि खरंच खाली उतरून सगळ्या तारा बघत बसला, हातात बॅटरी घेऊन, एकेक तार, आणि सगळ्या ठीक होत्या. मी चहाच्या खिडकीत कप पुसत होते. घरी जाताना मासा आणि चिप्स घेतले. व्हिनेगर जास्त पडलंय म्हणालो. दोघंही.

आता समजलं तुम्हाला? मला वाटलं, मी इथे तुमच्याशी हुज्जत घालतेय ती विमान वाचवायला. कसलं काय! तो मघापासून वर बसलाय, टकटक करतोय, आणि मी खाली उभी राहून नाकाला नावं ठेवतेय, पोटाला नावं ठेवतेय, म्हणजे वर जायला नको. भीतीनं माझीही तीच गत, ट्रेगियरसाहेब. त्याच्याहून वाईट. त्यानं निदान म्हटलं तरी.

न्या हो तुम्ही. खरंच न्या. तुमच्याकडे समुद्र आहे, याला जरा ओळखीचं वाटेल. इथे वर्षभर साखरेच्या बीटाची शेतं बघून कंटाळलं असेल बिचारं. पास्क खूश होतील, होऊ देत. पण पुढच्या आठवड्यात, आज नाही. आज मला हे लागणार आहे.

कप द्या इकडे — नको, तुम्हीच ठेवा खिडकीत, मला दोन्ही हात लागतील. ही शिडी धरा, हलते. नाही, वर बघू नका, सभ्य गृहस्थ ना तुम्ही? गुडघे मेले ऐकत नाहीत… हं. पोचले. बसले. बघा, इथून तुम्ही किती छोटे दिसता, आणि याची ती कुरूपता अजिबात दिसत नाही, आत बसलेल्याला कशी दिसणार? — आता निघा तुम्ही. जाताना हँगरचं दार ओढून घ्या, वारा येतो. सरकवतेय मी झाकण. जा म्हटलं ना!

विल्फ? हो, आहे मी. येतंय ऐकू. मागच्या गुरुवारीही येत होतं.