हत्याराचे कपडे

…अहो, खेळण्यातलं नाही ते, खरं आहे! आणि उघडं आहे हेही मला दिसतंय! सकाळपासून जो पाहुणा आमचा कोलू, ही पायऱ्यांवरची नवरात्रातली बाहुल्यांची मांडणी, बघायला येतो तो दशावतार बघत नाही, मीनाक्षीचं लग्न बघत नाही, वाणीशेट आणि त्याच्या जाड्या बायकोच्या बाहुल्या बघत नाही, सरळ मधल्या पायरीकडे बोट करतो आणि विचारतो, "हे काय? आणि ह्याला कव्हर नाही?" नाही! कव्हर नाही! बसा. तुम्ही पुण्याहून तंजावूरचं मोठं देऊळ बघायला आलात, कुणीतरी सांगितलं इथे मराठी घरं आहेत म्हणून आमच्याकडे डोकावलात, आता विजयादशमीच्या दिवशी तसेच कसे जाल? कामाक्षी, ह्यांना सुंडल दे गं! नवरात्रातली हरभऱ्याची उसळ हो. ही माझी बायको. तिच्यासमोर 'भोगी' हा शब्द तेवढा काढू नका… का ते सांगतो. तुम्हाला सांगतो, माणसाचे कपडे मिळतात, हत्याराचे मिळत नाहीत!

हे आमच्या हनुमंतकाकांचं. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, फौजेतून कॅप्टन म्हणून रिटायर झाले, लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. हत्यार इंग्रजांच्या कारखान्यातलं, मोठ्या लढाईच्या काळातलं, काकांनी परवाना काढून जपलेलं. पुढे सरकारकडे नेऊन नळीत शिसं ओतून घेतलं, मुकं करून आणलं, आता ते त्या वाणीशेटइतकंच निरुपद्रवी आहे, हवं तर हात लावा. पण त्याला पिस्तूल म्हणू नका हं! काका आत पडलेत, पण हा एक शब्द त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येतो. "पिस्तूल नव्हे रे, रिव्हॉल्वर!" बाकी सगळं विसरायला लागलेत हो. जेवलो की नाही ते आठवत नाही, सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत, मला कृष्णाजी म्हणतात. कृष्णाजी म्हणजे माझे वडील, ते कधीच गेले. मी मुरली. पण मुरली कोण हे काकांना सांगायचं म्हणजे… जाऊ द्या. मी आपला "ओ" देतो.

तर दर वर्षी आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हे रिव्हॉल्वर पायरीवर बसायचं ते पूर्ण गणवेशात. खाकी जाड कापडाचं कव्हर, त्याला पितळी बटण, आत नळी साफ करायच्या गजाला छोटा कप्पा, बाहेर गळ्यात अडकवायची दोरी. काका छातीवर पदकं लावून स्वतः पूजा करणार, स्वतः आरती करणार, आम्ही सगळे मागे हात जोडून. अशी इतकी वर्षं गेली. आणि मग आली भोगी… हळू बोलतो.

तुमच्याकडे भोगीला म्हणे बाजरीची भाकरी आणि भाजी करून खातात. शहाणी माणसं! आमच्याकडे जाळतात! पोंगलच्या आदल्या दिवशी पहाटे घरातलं जुनंपुराणं सगळं दारात आणायचं आणि द्यायचं पेटवून. आता ह्या वर्षी काय झालं, आमच्या दिवाळीनंतरच्या पावसाळ्यात कव्हरला बुरशी आली म्हणून काकांनीच ते गच्चीवर उन्हात टाकलं, फाटक्या चटईवर, आणि टाकलं ते विसरले. कामाक्षीनं बघितलं तर काय? एक मळकं खाकी कापड, त्यावर हळदकुंकवाचे डागच डाग, तिला वाटलं समया पुसायचं फडकं. चटईसकट उचललं, दोरीसकट उचललं, दिलं अग्नीला! राखेत पितळी बटण तेवढं सापडलं. ते हातात घेऊन ती अशी बसली होती की मला रागावताही येईना. मी रागावणारा माणूस आहे, तुम्हाला कळलंच असेल, पण तेव्हा नाही रागावलो.

मग दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "कृष्णाजी, माझं कव्हर कुठं आहे रे?" आम्ही खरं सांगितलं. ऐकून तोंड एवढंसं झालं, दिवसभर जेवले नाहीत. ठीक आहे, दुःख झालं, होणारच. पण तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, "कृष्णाजी, माझं कव्हर कुठं आहे?" विसरले होते! पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच तोंड, पुन्हा ताट परत! चौथ्या दिवशी पुन्हा! म्हणजे बघा, आमच्या घरात ते कव्हर एकदा नाही जळलं, रोज सकाळी कॉफीबरोबर जळायला लागलं! आणि रोज कामाक्षी स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून. माणसानं किती दिवस सांगायचं हो खरं? शेवटी एका सकाळी तीच बाहेर आली आणि म्हणाली, "काका, धुवायला दिलंय."

"असं होय!" म्हणाले, आणि दोन इडल्या जास्त खाल्ल्या.

संपलं? कसलं संपतंय! आमच्या कोपऱ्यावर गणेशकुमार इस्त्रीवाला उभा असतो, त्याची बायको कपडे धुते, तो इस्त्री मारतो. काका काठी घेऊन निघाले त्याच्याकडे. "सरकारी सामान आहे! कुठं आहे माझं कव्हर?" मी मागून धावतोय, हातानं खुणा करतोय, आणि तो गणेशकुमार, देव त्याचं भलं करो, माझ्याकडे एकदा बघितलं, काकांकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "नाळैक्कु, सार." म्हणजे उद्या. तेव्हापासून रोज! रोज काका जाणार, रोज तो म्हणणार "नाळैक्कु, सार", रोज काका त्याला फौजी शिव्या देणार आणि खुशीत घरी येणार. पण एक गोष्ट मात्र ते रोज बजावायचे, "आयुधपूजेच्या आत यायला पाहिजे हां! शिपाई कधी उघडा उभा राहतो का रे पूजेला? कव्हर नसेल तर मी बसणार नाही." आणि डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या नवरात्रापर्यंत ओळखपाळख किती राहील सांगता येत नाही. म्हणजे ही एकच पूजा हातात! म्हणून मी निघालो हो… हत्याराचे कपडे शोधायला.

पहिल्यांदा गेलो तिरुवैयारुला. तिथे एक जण मृदंगाच्या गवसण्या शिवतो, फार नामांकित. म्हटलं, कापड जाड, शिलाई पक्की, ह्याला काय अवघड? त्यानं माप घेतलं, "सार, बिलकुल कवलैच नको, काळजीच नको!" आणि शिवून काय दिलं? आत मरून मखमल, बाजूला चेन, वर हँडल, आणि नाव लिहायला प्लास्टिकचा कप्पा! वर विचारतो, "खांद्याला पट्टा लावू का? कच्चेरीला, मैफलीला न्यायला बरं!" घरी आणून काकांच्या हातात दिलं. त्यांनी उलटंपालटं केलं, कानाशी नेलं, बोटानं टकटक केलं आणि मला विचारलं, "कृष्णाजी, हे कुठल्या पट्टीत वाजतं?"

मग चेन्नई. सिनेमावाल्यांना सामान भाड्यानं देणारा एक गृहस्थ. "ओरिजिनल, सार! मिलिटरी, सार! ह्याच कव्हरमधून हीरोनं सत्तर माणसं मारली, सार!" मारली असतील, पण त्या कव्हरला चामड्याच्या झालरी होत्या आणि मध्ये पितळेचा घोडा! म्हटलं, अहो, आमचे काका फौजेत होते, सर्कशीत नव्हते. आणि चामडं कामाक्षी देवाच्या पायरीवर ठेवू देईल का? मला पायरीवर ठेवते हेच पुष्कळ!

एव्हाना सगळ्या गावाला कळलं. बसमध्ये लोक विचारायला लागले, "मुरली सार, मिळालं का पिस्तुलाचं कव्हर?" एकानं तर मोबाईलचं कव्हर काढून दाखवलं, मोठ्या साइजमध्ये येतं म्हणाला. काय सांगणार? तुम्हाला सांगतो, माणसाचे कपडे मिळतात, हत्याराचे मिळत नाहीत!

शेवटी इंटरनेटवर, जुनं फौजी सामान जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर, एक बाळकृष्णराव सापडले. तुमच्या पुण्याचे. फोन केला. "हे पहा, तुम्ही आधी रिव्हॉल्वरचा फोटो पाठवा. शिक्का दिसला पाहिजे. शिक्क्यातला इंग्रज सरकारचा बाण दिसला पाहिजे. साल दिसलं पाहिजे. मग आपण बोलू." पाठवला फोटो. मग म्हणतात, "हं. आहे माझ्याकडे. त्याच सालचं, त्याच शिक्क्याचं, दोरीसकट, गजासकट. एकदाही न वापरलेलं. पण मी ते कुणालाही देत नाही." मग मी त्यांना काकांची सगळी गोष्ट सांगितली. ते खाकरले, म्हणाले, "माझ्या आईचंही असंच झालं होतं. घेऊन जा. पण अटी ऐका. उघड्या हातानं धरायचं नाही, सुती हातमोजे घालायचे. तेल लावायचं नाही. पाणी तर दाखवायचंच नाही! एक डाग पडला ना, की ती वस्तू मेली असं समजा. आणि पूजा झाली की मला फोटो!"

असा मी तुमच्या पुण्याला जाऊन, हातमोजे घालून, मांडीवर नवजात मूल घ्यावं तसं ते कव्हर रेल्वेनं इथे आणलं. काकांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, शिक्का बघितला, साल बघितलं, बटण उघडून आतला कप्पा बघितला. मी श्वास रोखून उभा! म्हणाले, "माल खरा आहे." माझ्या डोळ्यांत पाणी! मग म्हणाले, "पण माझा नाही. कुणा दुसऱ्याचा आहे. जा, परत करून ये… तो शिपाई शोधत असेल रे."

आता सांगा! साल तेच, शिक्का तोच, बाण तोच! आणखी काय कपाळ फोडू? मी ओरडलो, हो, ओरडलो काकांवर, आणि ते घाबरून म्हणाले, "रागावू नको, कृष्णाजी, गणेशकुमार उद्या देतो म्हणालाय."

काल आयुधपूजा. काकांनी सकाळीच सांगितलं, माझं सामान आलं की बोलवा, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी आपलं ते कव्हर पायरीवर ठेवलं, खाली रेशमी रुमाल, शेजारी रिव्हॉल्वर, आणि चंदन उगाळत बसलो. आता आमच्या आयुधपूजेचं तुम्हाला माहीत नसेल. घरात जे म्हणून राबतं त्याला चंदनकुंकू लागतं. कात्री, विळी, मिक्सर, स्कूटर, शिलाईचं मशीन, लॅपटॉप, गॅसचा सिलिंडर… कामाक्षी एकदा हातात वाटी घेऊन निघाली की थांबत नाही, फ्रिजजवळ उभा होतो तर मलाही लावलं एकदा! तर निघाली. मी बघतोय, मिक्सर झाला, स्कूटर झाली, पायरीकडे वळली, मला वाटलं, ती थांबेल, तिला माहीत आहे! आणि तिचा हात आपला सवयीनं… तीन बोटं हळद-चंदनाची, मधोमध कुंकू, ओलं, ठसठशीत, थेट त्या कोऱ्या खाकी कापडावर!

मी जो काही ओरडलो! शेजारचे धावत आले! कामाक्षीच्या हातातली वाटी पडली, उरलेलं कुंकू तेही त्याच्यावरच! बाळकृष्णरावांची वस्तू मेली हो, माझ्या डोळ्यांदेखत मेली! आणि त्या आरडाओरड्यानं काका उठून काठी टेकत बाहेर आले. "काय झालं रे?" आणि बघितलं.

तुम्हाला सांगतो… थांबले. जवळ आले. कव्हर उचललं, उघड्या हातानं. डागांवरून अंगठा फिरवला. नाकाशी नेलं. आणि म्हणाले, "आलं! माझं आलं!"

अहो, ज्या हातांना सदऱ्याचं बटण लागत नाही, त्या हातांनी रिव्हॉल्वर आत सरकवलं, पितळी बटण टक् करून लावलं, दोरीचा वेढा घातला, न बघता! मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मुरली, आरती घे."

मुरली म्हणाले.

पूजा केली त्यांनी, सगळी, पदकं लावून. मग कामाक्षीच्या डोक्यावर हात ठेवला, "पोरी, तूच जपून ठेवलं होतंस ना?" ती अशी रडली की आम्हाला आरती दोनदा म्हणावी लागली. मला आत्ताही… सुंडल तिखट आहे, दुसरं काही नाही.

तर तुम्ही म्हणाल, झालं ना मग? कुठं आहे कव्हर? तेच तर सांगतोय! आज सकाळी काका उठले, पायरीजवळ गेले, कव्हर हातात घेतलं आणि कपाळाला आठ्या! "काय रे हे, कृष्णाजी? एवढे महिने धुवायला ठेवून घेतलं त्यानं, आणि डाग जसेच्या तसे?" रिव्हॉल्वर बाहेर काढलं, ठेवलं पायरीवर उघडं, कव्हर काखेत मारलं आणि मी हातमोजे शोधेपर्यंत कोपऱ्यावर पोचले! "पुन्हा धू! नीट धू!" गणेशकुमारनं माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, दोन्ही हातांनी कव्हर घेतलं, आणि म्हणाला, "नाळैक्कु, सार." त्यानं ते धुतलं नाही हो, मी विचारून आलो, कागदात गुंडाळून ठेवलंय. पण आणलं तर काका पुन्हा नेऊन देणार, नाही आणलं तर रोज जाऊन शिव्या देणार. आणि खरं सांगू? शिव्या देऊन आले की इडल्या जास्त खातात. राहू दे तिथेच. पुढच्या नवरात्रात बघू… बघू.

तुम्ही येण्याच्या जरा आधीच फोन आला. "बाळकृष्णराव बोलतोय. पूजा झाली? फोटो नाही आला. आणि वस्तू कुठे आहे माझी?" मी खोटं बोलणारा माणूस नाही, पण तोंडातून रोजच्या सवयीनं निघून गेलं… म्हटलं, "धुवायला दिलंय."