बाबांचं झाड, सव्वा सेंटिमीटर

हॅलो? … हो, मीच. ताई, आधी बस. … बसलीस? … बरं, उभी राहा, पण ऐक. आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाबांचं झाड पुन्हा या जगात आलं. … हो! … अगं, आपल्या बाबांचं, अंगणातलं, जपानी मेपल. बीमधून. … किती मोठं? … सव्वा सेंटिमीटर.

नाही, मीटर नाही. सेंटि. … पट्टी लावून मोजलं. … फुगवून सांगत नाहीये, सव्वा म्हणजे सव्वा.

एकच. … अठरातलं एक. … अगं ऐक ना, टक्केवारी काढू नकोस. मला कुठल्या बिया दिल्या होत्यास, आठवतंय? विकलेल्या घराच्या किल्ल्या द्यायच्या आदल्या दिवशी आपण दोघांनी गुडघ्यांवर बसून वेचल्या, एकेकीचे कागदासारखे पंख खुडले, चोवीस तास कोमट पाण्यात टाकल्या. बुडालेल्या बावीस तू घेतल्यास. तरंगणाऱ्या अठरा मला. … पोकळ असतात त्या, पुस्तकात दिलंय. … 'तुला हलकंच झेपतं' म्हणालीस. … म्हणालीस, ताई. किल्ल्या हातात होत्या तुझ्या.

ते जाऊ दे, तुझ्या बावीसचं काय झालं? … सांग ना. … सगळ्या? … कुजल्या म्हणजे… रोज पाणी घातलंस? … दिवसातून दोनदा. … ताई, बिया होत्या त्या, पाहुणे नव्हते.

मी? मी काहीच केलं नाही, तेच तर. ओल्या वाळूत घातल्या, पिशवीचं तोंड बंद केलं, फ्रिजमध्ये भाजीच्या खणात. शंभर दिवस. मग कुंडीत. … फ्रिज म्हणजे बीला वाटतं, हिवाळा होऊन गेला. … फसवणूकच आहे. पण त्याशिवाय ती जागची हलत नाही.

हो, तीच पिशवी. वर 'बाबा' लिहिलं होतं, खाली तारीख. … मग काय लिहायचं होतं? … फ्रिज दुरुस्त करायला मेकॅनिक आला होता ना, त्याने वाचलं. पाना खाली ठेवला आणि दोन मिनिटं हात जोडून उभा राहिला. … सांगणार होतो मी, पण त्याचं सांत्वन इतकं चांगलं चाललं होतं…

टोमॅटो नाही! … खात्री आहे. … कारण बीचं टरफल अजून डोक्यावर आहे. ओळखपत्र घेऊनच आलंय. … नाही, पानं मेपलसारखी दिसत नाहीत अजून. पहिली दोन कुठल्याही तणासारखीच असतात, लांबट, गुळगुळीत. पंजासारखी पानं नंतर फुटतात.

रंग? … हॅलो? आवाज तुटतोय का गं तुझा? … नाही तुटत. बरं. हिरवा. … हो, बाबांचं लाल होतं, मला माहीत आहे, मी त्याच्याखाली वाढलो. … नर्सरीवाला म्हणतो, बीमधून आलेलं झाड आईबापांवर जाईलच असं नाही. … पटायला काय झालं? आपल्या दोघांकडे बघ. बाबांनी जन्मात कधी आवाज चढवला नाही. … हा, आत्ता तू चढवलास तसा.

फक्त आईला सांगू नकोस, हिरवं आहे ते. … रविवारी घेऊन ये तिला. मी दाखवतो. … कारण रोज विचारते ती! फोन करते आणि कसा आहेस नाही, जेवलास का नाही, थेट 'झाड आलं का?' शंभर दिवस मी 'फ्रिजमध्ये आहे' सांगत आलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला किती दिवस फ्रिज सांगायचा? तिच्या हातात काहीतरी जिवंत द्यायला हवं, ताई. अंगणातलं एव्हाना गेलं असणार. घर घेतलेल्या त्या दातांच्या डॉक्टरला पेशंटच्या गाड्या लावायला जागा हवी होती ना. घराच्या कागदांवर सही करता करताच झाडाकडे बघत होता. … मी नाही गेलो बघायला. त्या रस्त्याने जातच नाही. एक थांबा अलीकडे उतरून मागून चालत येतो. … तूही? … मग मला काय हसतेस?

आई कुठे आहे आत्ता? … दाढ काढायला? कुणाकडे? … ताई! … सगळ्या गावात तोच एक दातवाला मिळाला? … एकटी गेली? … वाट पाठ आहे म्हणून. हो, असणारच. … खुर्ची कुठे टाकलीय त्याने? … स्वयंपाकघरात. म्हणजे आईची दाढ आईच्याच स्वयंपाकघरात काढली.

आली? … दे, दे तिला फोन. … तोंडात बोळा आहे? मग कागद दे, लिहून सांगेल. … हातात काय आहे? … आइस्क्रीमचा डबा. बरोबर, दाढ काढल्यावर थंडच… आइस्क्रीम नाही? … माती?

कसली रोपं? … नीट वाच, ती काय लिहितेय ते. … 'झाड आहे.' … तोडलं नाही? मग गाड्या? … रस्त्यावर लावतात. बरं. … पुढे? … 'खाली रोपंच रोपं.' … किती? … दोनशेच्या वर? … फरशीच्या फटींत. पन्हाळीत. पायपुसण्यातसुद्धा? … अगं पण पेरली कुणी? … कुणीच नाही. … पंख खुडले नाहीत. कोमट पाणी नाही. … फ्रिज नाही. … हो, बाहेर हिवाळा होता. होताच.

लाल आहेत? … बहुतेक लाल.

नाही, वाईट वाटत नाहीये. … विचार करतोय. ताई, आईला एक विचार. ते झाड मी जन्मलो त्या वर्षी लावलेलं. मग दरवर्षी एवढी रोपं यायची, तर ती जायची कुठे? आपण एकही कधी पाहिलं नाही. … विचार तर. … आणि हेही विचार, की रोज मला 'झाड आलं का' विचारायची, तेव्हा हे का नाही सांगितलं? … काय म्हणते? … 'एवढा वेळ का लागतोय तेच कळेना.' … आणि पहिल्या प्रश्नाचं? … अजून लिहितेय? … एवढं काय लिहिते? … वाच.

'बाबा तण म्हणून उपटायला लावायचे.' … कुणाला?

हो. … हो, आठवलं. दर रविवारी, खुरपं घेऊन. … लांबट, गुळगुळीत पानं. … शंभर उपटली की एक गोळी. … तुला नेहमी माझ्यापेक्षा जास्त मिळायच्या.

बरं, ठेवतो.