शेठना ओळखत नाही, असं मी म्हणाले

मी सुमन भामरे, माहेर खानदेशातलं आणि सासरही खानदेशातलंच, पण खानदेश मी लग्नाकार्याला बघितला तेवढाच, जन्म इथला, बडोद्याचा. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, प्रतापनगरला, आम्ही चार भावंडं आणि क्वार्टरच्या दोन खोल्या. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजराती, म्हणून माझं बोलणं असं खिचडी आहे, लिहिताना तुम्ही सरळ करून घ्या, नाहीतर राहू द्या, मला चालेल.

खेळणी म्हणाल तर आमच्या घरात नव्हती. खेळणी नाही म्हणायचो आम्ही, रमकडां म्हणायचो, गुजरात्यांसारखं. दिवाळीच्या आधी वडील आम्हाला मांडवीला, बाजारात न्यायचे, कापड घ्यायचं, फटाके घ्यायचे, आणि सगळं झालं की रमकडांच्या दुकानासमोर आम्हाला उभं करायचे. नुसतं बघायला. आम्ही काचेला नाक लावून बघायचो आणि वडील मागे पिशव्या धरून उभे. एका वर्षी काय झालं, दुकानातून एक तरुण माणूस बाहेर आला, पांढरा शर्ट, कानामागे पेन्सिल, आणि म्हणाला, आत या ने, बाहेरून काय दिसतं. वडील म्हणाले, नाही, घ्यायचं नाहीये आम्हाला. तो म्हणाला, बघायचं आहे ने? मग आत या. आणि त्याने माझ्या हातात चावीची कोंबडी दिली, पत्र्याची, चावी फिरवली की टकटक दाणे टिपायची. मी तीन वेळा फिरवली, चौथ्यांदा वडिलांनी हात धरला तर तो म्हणाला, फिरवू दे, तिचं पोट कुठे भरलंय अजून. कोंबडीचं म्हणत होता तो. तेच हसमुखभाई शेठ.

मग मी एकोणीस वर्षांची झाले, मॅट्रिक होऊन घरी बसले होते, आणि त्याच दुकानावर पाटी लागली, काम करायला बेन जोईए छे, म्हणजे बाई पाहिजे. मी गेले. त्यांना कोंबडी आठवत नव्हती, कशी आठवेल, अशी किती पोरं आत येत होती. पण त्यांनी मला ठेवलं. बावीस वर्षं मी त्या दुकानात काढली, लग्न झालं, मुलगी झाली, तरी काम तेच. माझं काम काय, तर दाखवायचं. खोका उघडायचा, चावी द्यायची, ढोलकीवालं माकड वाजवून दाखवायचं, बाहुलीला आडवी-उभी करून डोळे मिटतात ते दाखवायचं, संखेड्याचे लाखेचे भोवरे टेबलावर फिरवायचे. दिवाळीत तर हाताला फोड यायचे चाव्या देऊन देऊन. शेठचा एकच नियम होता, दुकानात आलेल्या छोकराच्या हातात काहीतरी द्यायचंच, घेवो न घेवो. एकदा एकाने आगगाडीचं चाक तोडलं आणि त्याची आई त्याला मारायला लागली, तर शेठ मध्ये पडले, म्हणाले, बेन, रमकडू तूटे नहीं तो बने शुं काम, तुटायचं नाही तर खेळणं बनवतात कशाला. मला ते दीकरी म्हणायचे, म्हणजे लेक. सुमन दीकरी, ते वरचं विमान काढ. माझ्या लग्नात माझ्या वडिलांच्या शेजारी उभे राहिले होते, पाहुण्यांना वाटलं काकाच आहेत.

आता जे सांगायचं ते सांगते. त्याच्यासाठीच तुम्हाला बोलावलं, बाकी सगळं मी वेळ काढायला सांगत होते.

माझे मिस्टर कोयलीला रिफायनरीत ठेकेदाराकडे होते, तो ठेका सुटला. तेवढ्यात गावात मॉल झाले आणि एका मॉलमध्ये खेळण्यांचं मोठं शोरूम आलं, मोठ्या कंपनीचं, सगळ्या देशात त्यांची दुकानं. माझ्या नणंदेच्या ओळखीने मला तिथे विचारलं. मी लोकांना सांगते की गरज होती म्हणून गेले. गरज होती ते खरं, पण नुसती गरज नव्हती. एसी होता. पिवळा टी-शर्ट होता, त्यावर माझ्या नावाची पट्टी, इंग्रजीत. शेजारपाजारच्या बायका विचारायच्या, मॉलमध्ये लागलीस? आणि मला ते ऐकायला आवडायचं. मांडवीचं दुकान मला तेव्हा धुळकट वाटायला लागलं होतं, काय सांगू तुम्हाला, ज्या दुकानाच्या काचेला मी नाक लावून उभी राहिले त्याची मला लाज वाटायला लागली होती.

आणि शेठला मी खरं सांगितलं नाही. मी म्हणाले, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, घरी बसावं लागेल. सासू माझी धडधाकट होती, तेव्हा मंदिरात रोज चालत जायची. शेठ म्हणाले, सासूबाची सेवा कर, पुण्य आहे, आणि निघताना त्यांनी सासूसाठी सफरचंदं दिली. मी ती घरी आणली आणि सासूने खाल्ली आणि म्हणाली गोड आहेत. मी एक फोड घेतली नाही.

शोरूममध्ये उघडून दाखवायचं नव्हतं. सगळं प्लास्टिकमध्ये पॅक, आत रमकडू तारेने बांधलेलं, हात लावायचा नाही, छोकरू हात लावायला लागलं की आपण हसून म्हणायचं, प्लीज डोन्ट टच. ते मी शिकले. लवकर शिकले. मॅनेजर तरुण होता, मुंबईहून आलेला, वाईट नव्हता पण वरून त्याच्यावर दाब असायचा, तो सारखा आम्हाला सांगायचा की गावातले दुकानदार येऊन आपला माल बघून जातात, भाव बघून जातात, कोणी ओळखीचं दिसलं तर मला सांगायचं.

वर्ष झालं असेल. रविवार होता, दुपार, गर्दी. मी बाहुल्यांच्या रांगेत होते आणि फाडल्याचा आवाज आला. बघते तर सहा वर्षांची एक मुलगी, दोन वेण्या, हातात किचन सेटचा फाटलेला खोका, ती आरामात बसली होती फरशीवर आणि छोट्या कढईत काहीतरी ढवळत होती. आणि तिच्याजवळ पांढऱ्या शर्टात शेठ. ते तिला थांबवत नव्हते. कसे थांबवतील, त्यांनी आयुष्यात कोणा छोकराला थांबवलं नव्हतं. ती त्यांची नात ध्वनी, मुलाची मुलगी, मी सोडलं तेव्हा अजून दुकानात यायची नाही.

मॅनेजर आला. हे काय चाललंय. शेठ म्हणाले, सॉरी सॉरी भाई, मी घेतो ना ते, आणि मग त्यांच्या सवयीने बोलत सुटले, म्हणाले, आमचं पण दुकान आहे मांडवीला रमकडांचं, आम्ही उघडून देतो, म्हणून हिला सवय. बस, एवढं ऐकलं आणि मॅनेजरचा चेहराच बदलला. असं, दुकान आहे, मग काय बघायला आलात. शेठला समजेना तो का चिडतो. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. टी-शर्टवर, पट्टीवर, मग तोंडावर. एक क्षण त्यांना आनंद झाला, मी शपथेवर सांगते, आनंदच झाला आधी, त्यांचा हात असा वर आला. आणि मॅनेजर माझ्याकडे वळला, सुमनबेन, तुम्ही मांडवीला होतात ना, यांना ओळखता?

मी म्हणाले, नाही.

एवढंच नाही, अजून म्हणाले. म्हणाले, मांडवीला खूप दुकानं आहेत, सर, कोणाकोणाला ओळखणार.

शेठचा हात वर आला होता तो त्यांनी खाली घेतला, खिशाकडे नेला, जसं काही पाकीटच काढत होते. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, बेन, माफ करजो, तमने तकलीफ पडी. बेन म्हणाले मला. दीकरी नाही, सुमन नाही, बेन. फाटका खोका त्यांनी बिल करून घेतला, नातीचं बोट धरलं आणि सरकत्या जिन्याजवळ गेले, तिथे जरा थबकले, त्यांना त्या जिन्याची भीती वाटत होती. मी जाऊन हात द्यायला हवा होता. एका गार्डने दिला.

मग पुढे व्हायचं ते झालं. दोनेक वर्षांत शेठनी दुकान बंद केलं, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. आणि आमचं शोरूम तरी कुठे टिकलं. लोक यायचे, खोक्याचा फोटो काढायचे आणि घरी जाऊन फोनवर मागवायचे, आणि जरा मोठी छोकरं तर यायचीच नाहीत, त्यांच्या हातातच फोन. आठव्या वर्षी एका शनिवारी आम्हाला बोलावून सांगितलं की कंपनी सगळीकडची दुकानं बंद करते आहे. मी टी-शर्ट परत दिला. आमच्यातल्या दोन मुली रडत होत्या, मला रडू येईना, मला वाटत होतं मला रडायचा हक्क नाही.

आता मी एका नर्सरी शाळेत आयाबेन आहे. पोरांना बाथरूमला नेते, डबे उघडून देते. मागच्या जूनमध्ये तिथे नवी टीचर आली, बावीस-तेवीसची, चुणचुणीत. चार दिवस ती माझ्याकडे बघत होती आणि पाचव्या दिवशी म्हणाली, सुमन मासी, तुम्ही मॉलमध्ये होतात ना, पिवळ्या टी-शर्टमध्ये? मी किचन सेट फाडला होता. माझ्या हातातला डबाच पडला हो, शेव सगळी फरशीवर. ध्वनी होती ती. खाली बसून माझ्याबरोबर शेव गोळा करत ती सहज बोलत होती, म्हणाली, मी दादांना, आजोबांना दादा म्हणते ती, तेव्हा विचारलं होतं, त्या मासी तर आपल्या दुकानाच्या फोटोत आहेत, मग तुम्हाला ओळखत का नाहीत. तर दादा म्हणाले, ती नोकरीवर आहे, नोकरीवर असताना घरच्यांशी बोलायची मनाई असते.

घरच्यांशी म्हणाले ते. त्या दिवशीसुद्धा.

मी तिला म्हणाले, दादा आहेत? ती म्हणाली, आहेत की, कानाने कमी ऐकतात, या ना घरी. मला जायला दिवाळी आली. बेसतु वरसला, आपल्या पाडव्याला गेले, तेव्हा सगळेच जातात पाया पडायला. शेठ हिंडोळ्यावर बसले होते, वाळून गेलेत. मला बघून म्हणाले, आव दीकरी, सासूबाई कशा आहेत. सासू जाऊन सहा वर्षं झाली. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं, सासू आजारी नव्हती तिथपासून, आणि त्यांना ऐकू येईना म्हणून मला मोठ्याने सांगावं लागलं, घरात पाहुणे होते, त्यांची सून फराळ घेऊन दारात उभी राहिली, सगळ्यांनी ऐकलं. मी शेठना ओळखत नाही म्हणाले, हे मी ओरडून सांगितलं.

त्यांनी पायाने हिंडोळा थांबवला. मग म्हणाले, दुखलं होतं मला, सुमन. बे दिवस जेवण गेलं नव्हतं. खोटं कशाला बोलू.

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, काही नाही त्यात. तसं नाही म्हणाले. पण मग सरकले आणि हिंडोळ्यावर जागा केली. मी बसले नाही, मी खालीच बसले, पण जागा त्यांनी केली होती. चहा आला, तो प्यायला लावला.

आता मी महिन्यातून एकदा जाते. पेपर वाचून दाखवते, मोठ्याने. लाज गेली का विचाराल तर नाही गेली, ती आहे, माझ्याबरोबरच जाईल. तुम्ही लिहा हे. आणि एक करा, माझं नाव बदलू नका, ध्वनी म्हणत होती की अशा गोष्टीत नाव बदलतात. नको. सुमन भामरे असंच घाला. शेठची तब्येत बरी राहो एवढंच देवाकडे मागते, बाकी मला काही मागायला तोंड नाही. बसा, चहा ठेवते.