पुसलेला सिंथेसायझर

बिघडलेली इस्त्री घेऊन दुरुस्तीच्या दुकानात बसलेल्या शिक्षिकेचे कान शेजारच्या बापलेकीकडे लागले होते. लेकीच्या मांडीवर सिंथेसायझर होता.

“बाबा, कार्यक्रमाआधी याला हात लावलात?”

“धूळ होती गं. पुसला.”

“आणि ही बटणं?”

“वेडीवाकडी फिरलेली होती. सगळ्यांची तोंडं एकीकडे केली. एक वळेना, म्हणून जरा जोर लावला.”

“महिनाभर खपून त्या बटणांवर आवाज जुळवला होता मी!”

“मग स्टेजवर काय वाजवलंस?”

“चाचपडत जे निघालं ते.”

“लोक तर उभे राहून टाळ्या वाजवत होते.”

“तेच तर!”



“पुढचा कार्यक्रम कधी?”

“शनिवारी.”

“शुक्रवारी पुसू?”

“पुसा. पण मला सांगू नका.”